क्रोशाचं वेड: तुम्हाला कसं लागलं?

गौरींसाठी माळ्यावरची ट्रंक उतरवली, तर तळाशी आईच्या रुखवतातली महिरप निघाली. ताटाभोवती मांडायची ती. पांढरा दोरा, कडेला पिवळे मणी, आणि एक खांब (क्रोशाचा उभा टाका) इकडचा तिकडे नाही.

खरं म्हणजे ह्या महिरपीवर माझा लहानपणापासून राग. मे महिन्यात खाली वाड्यात लगोरी रंगलेली असायची आणि आई मला खिडकीत बसवून साखळ्या घालायला लावायची. हातभर साखळी घातली की ओढून उसवायची आणि परत. "हात सैल सोड, हात सैल सोड." दहावीच्या वर्षाचं निमित्त मिळालं तशी मी सुई ठेवली ती ठेवलीच.

गेल्या हिवाळ्यात भाची लोकरीचा बेडूक घेऊन आली. व्हिडिओ बघून केलेला. डोळे जरा तिरळे, पण काय गोड! म्हणाली, मावशी, सगळे मुके खांबच (आखूड टाके) आहेत, गोल गोल जायचं. सुई हातात घेतली आणि दोरा आपोआप करंगळीला वेढा घेऊन बसला, आईचा बसायचा तसाच. त्यानंतर मी कामातून गेलेय. भाजी निवडताना खांब मोजते. रात्री "एवढी ओळ झाली की झोपते" म्हणते आणि घड्याळाकडे बघत नाही. सोफ्याखाली लोकर, बेडखाली लोकर, घरातल्यांनी बोलणं सोडलंय.

तुम्हाला कधी, कुणामुळे लागलं? दोन सुयांवाले आणि टॅटिंगवाले (गाठी मारून लेस करणारे), तुम्हीही या.

कुकरच्या तीन शिट्ट्या
मी पहिली!! वाचलं नाही अजून, संध्याकाळी निवांत लिहिते. महिरपीचा फोटो टाका आधी.

लेडीज डबा
कर्जत लोकल. अजून काय सांगू. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून दोन सुयांचं विणायला गेलं तर शेजारणीच्या बरगडीत सुई जाते. क्रोशाला एकच आकडी, कोपर अंगालगत. आमच्या ग्रुपमधल्या एकीने शिकवलं, ती आता रिटायर झाली. बदलापूर ते दादरमध्ये एका रुमालाचा बराच भाग होतो, उभं राहावं लागलं तर नाही.

पण डब्यात हमखास एक बाई विचारते, केवढ्याला द्याल? तोरणाला दोन महिने लागलेले असतात. सांगितलं की म्हणते ऑनलाइन अडीचशेला मिळतं. घे मग बाई ऑनलाइन :)

गुंता
अडीचशेवाल्या बाई सगळीकडे असतात. माझ्या नणंदेच्या रूपात तर घरातच आहेत.

आगबोट
पुरुषांनी लिहिलं तर चालतंय ना? मी जहाजावर इंजिनिअर, गाव रत्नागिरीकडचं. ड्यूटी संपली की केबिनमध्ये करायचं काय हा मोठा प्रश्न. नेट धड नाही, डाउनलोड केलेलं सगळं बघून संपलेलं. आमचा एक फिलिपिनो कुक क्रोशाच्या टोप्या करायचा. त्याच्याशेजारी बसून शिकलो. भाषा निम्मी खुणांची. दोरखंडाच्या गाठी हाताला माहीत होत्या, त्यामुळे साखळीला वेळ लागला नाही, खांबाने मात्र रडवलं. आता सगळ्या क्रूच्या डोक्यावर माझ्या टोप्या आहेत. बायको म्हणते घरी आल्यावर निदान पडदे तरी कर. पडद्याला किती लोकर लागते ह्याची तिला कल्पना नाही.

कुकरच्या तीन शिट्ट्या
@आगबोट, पडदे लोकरीचे नाही करत हो, दोऱ्याचे करतात! कॉटनचा दोरा घ्या आणि बारीक स्टीलची सुई. लोकरीचा पडदा लोंबून जमिनीला टेकेल.

आगबोट
हे वाचून दाखवलं. ती हसतेय. धन्यवाद म्हणे.

वाटीरुमाल
एक मदत हवीय. धाग्याचा विषय नाहीये पण विचारते. माझा गोल रुमाल सपाट राहतच नाही, चौथ्या फेरीपासून वाटी व्हायला लागते. इस्त्री करून पाहिली. सासूबाईंनी त्यात लिंबं ठेवलीयेत.

शून्यापेक्षा कमी
वाटीरुमाल, टाके कमी पडतायत. उभ्या खांबांचं वर्तुळ असेल तर पहिल्या फेरीत साधारण १२ खांब घ्या आणि पुढच्या प्रत्येक फेरीत १२ वाढवत जा: १२, २४, ३६. मुके खांब बुटके असतात, तिथे ६ ने सुरुवात आणि ६ चीच वाढ. वाढ कमी पडली की वाटी. मुद्दाम थांबवली की टोपी (आगबोट हेच करत असणार). वाढ जास्त झाली की कडेला झालर येते.

आता ह्या झालरीपायीच मी क्रोशाला लागले, म्हणून थोडं अवांतर. मी गणित शिकवते. हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे कडेकडे पसरत झालरीसारखा होणारा, मुलांना समजावायला पूर्वी कागदाच्या पट्ट्या चिकटवून नमुने करायचे, ते हाताळून फाटायचे. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना ह्या बाईंनी तोच पृष्ठभाग क्रोशाने विणला. कृती एका ओळीची: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत मोडू नका. कड इतक्या झपाट्याने वाढते की तिला घड्या घालण्यावाचून गत्यंतर नसतं. मी ते वाचलं आणि सुई आणायला गेले. तोवर आयुष्यात साधं बटण लावलेलं नव्हतं. दर पाच टाक्यांनंतर एक वाढवत होते, पहिल्या ओळी पटापट झाल्या, शेवटची ओळ संपता संपेना. वर्गात नेलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, मॅडम, कोबी! पण त्या कोबीवर त्यांनी एका बिंदूतून दिलेल्या रेषेला न छेदणाऱ्या अनेक रेषा स्वतः घड्या घालून काढल्या. फळ्यावर सेमिस्टर गेलं असतं.

गुंता
मला गणितात काठावर पास केलं होतं आणि हे सगळं समजलं. कुठे होता तुम्ही माझ्या शाळेत 😭

वाटीरुमाल
१२ ने वाढवलं, सपाट झाला!! लिंबांना दुसरी जागा शोधतेय. खूप आभार मॅडम.

पाऊसकर
डब्लिनहून. इथे येऊन पहिल्या वर्षी नोकरी नव्हती, बाहेर सदा भुरभुर पाऊस. जवळच्या लायब्ररीत आठवड्यातून एकदा विणकामाचा गट जमतो, तिथे जाऊन बसायला लागले. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. चहा आणि बिस्किटं असतात हे एक मुख्य कारण.

एकीने आयरिश क्रोशा दाखवला आणि मी गारद. आपण फेऱ्या घालत मधून बाहेर जातो. ह्या लोकांचा गुलाब वेगळा, पान वेगळं, द्राक्षं वेगळी. आत जाड दोरा ठेवून त्यावर खांब घालतात, त्यामुळे फूल उठून येतं. मग सगळे तुकडे कापडावर उलटे टाचायचे आणि मधली जाळी भरत न्यायची. ह्याच्यामागे मोठं दुःख आहे. १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला, तेव्हा घरोघरी बायका हे विणून विकायच्या. क्लोन्स गावात १८४७ च्या सुमारास तिथल्या रेक्टरच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) पत्नीने हे काम सुरू करून दिलं. तुकडे वेगळे असल्यामुळे घरातलं प्रत्येक जण आपल्याला येतं तेवढं करायचं. एक पान करायला शिकलं तरी चार पैसे मिळायचे.

आणि हो, इथली पुस्तकं वापरणाऱ्यांनी जपून. ब्रिटिश कृतीतला डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल, आपला मुका खांब. कृती कुठली ते आधी बघा, नाहीतर स्वेटर बाहुलीला होतो.

गोदाकाठची
पाऊसकर, हीच गोष्ट आमच्या इकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं आंध्रात होतो, पश्चिम गोदावरी जिल्ह्यात. नरसापूरची लेस माहीत असेल. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवलेली, आता घरोघरी. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाई दुपारी ओट्यावर बसून विणायच्या. तेलुगू मला शून्य, सुईने सुईला शिकवलं. त्यांचा वेग बघून मी स्वतःला विणणारी म्हणवणं बंद केलं. न बघता, पोराला ओरडत, भाताकडे लक्ष ठेवून.

पण मजुरी नगावर, माल व्यापारी उचलणार, आणि बाईंना आपला टेबलक्लॉथ कुठल्या देशात गेला ह्याचा पत्ता नाही. क्रोशा कारखान्यात काढणारं यंत्र नाही, दुकानातला प्रत्येक खरा नमुना कुणाच्या तरी बोटांतून आलेला असतो. तेव्हा अडीचशेचं ऑनलाइन तोरण बघितलं की मला त्या बाई आठवतात. विणणारीला त्यातले किती?

लेडीज डबा
हा विचारच केला नव्हता. मी आपली त्या गिऱ्हाईक बाईवर चिडत होते.

अनामिक
सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे. मुलाला ओळखत नाहीत. दुपारी फार अस्वस्थ व्हायच्या, घरी जायचं म्हणून दार वाजवायच्या. डॉक्टरांनी हाताला काहीतरी काम द्या सांगितलं म्हणून लोकर दिली. साखळी घालतात. फक्त साखळी, पुढचं काही नाही. संपली की मी गुंडाळून ठेवते, नवीन देते. त्यांना सोबत म्हणून मीही शेजारी बसून शिकले, आता शाल चालू आहे. त्या साखळ्या टोमॅटोची रोपं बांधायला उत्तम.

आगबोट
तुम्हाला नमस्कार आहे.

कुकरच्या तीन शिट्ट्या
अनामिक, स्वतःचीही काळजी घ्या गं. तुमची एखादी दुपार दुसऱ्या कुणाकडे सोपवता येते का बघा.

अनामिक
गुरुवारी नणंद येते. तेव्हा मी झोपते चक्क.

गुंता
सगळे आले, आता माझं. ऑफिसमधली कंटाळवाणी ऑनलाइन मीटिंग, कॅमेरा बंद, हात टेबलाखाली. संपलं. इतकीच कहाणी. बॉस म्हणाला हल्ली तू मीटिंगमध्ये खूप शांत असतेस.

लेडीज डबा
हाहा. मनगट सांभाळ गं. मला डॉक्टरांनी पट्टा लावलाय. अर्ध्या तासाने हात झटकून बोटं ताणायची, आणि जाड दांड्याची सुई घे.

वाटीरुमाल
पुण्यात अशा सुया कुठे? तुळशीबागेत विचारलं तर एकच बारीक स्टीलची दाखवली.

कुकरच्या तीन शिट्ट्या
रविवार पेठेत बघ, लोकरही तिकडेच. दुपारी जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आणि रबरी दांड्याची, साडेतीन किंवा चार मिलिमीटरची माग, मधल्या जाडीच्या लोकरीला तीच लागते.

वाटीरुमाल
शनिवारी जातेय. कुणी येणार का सोबत?

गुंता
मी! पण मला घरी विचारलं तर आपण भाजी आणायला गेलो होतो.