हेतू बघून प्रश्न उडवायचा?

कडूनिंब : काल इथे एका अ‍ॅडमिनने मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'लाडक्या बहिणींची छाननी निवडणूक झाल्यावरच का सुचली?' आणि यांनी 'हेतू शुद्ध नाही' म्हणून ते उडवलं. अहो, तुम्ही अ‍ॅडमिन की मनकवडे? २०२४च्या जुलैत अर्ज, नोव्हेंबरात मतदान, पुढच्या वर्षी निकषांची तपासणी. विचारणाऱ्याच्या पोटात काही का असेना, सरकारची बाजू असेल तर ती मांडा ना. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही. सरकारला जी मुभा नाही ती तुम्हाला कुणी दिली?

ए-विंग अ‍ॅडमिन : मीच तो. लांबून बोलायला काय जातं! ते गृहस्थ एका पक्षाचं बूथ सांभाळतात. आधी प्रश्न, लगेच दोन मित्रांची तयार उत्तरं, पाठोपाठ पोस्टर. उद्या लफडं झालं की पोलीस मलाच बोलावणार.

काळा कोट : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्येच सांगितलंय, संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टचा गुन्हा अ‍ॅडमिनवर येत नाही. पोस्टर काढा, प्रश्न राहू द्या.

नगरपालिकेतले तात्या : ६(२)चं कौतुक आम्हाला नको. आमच्या बांधकाम विभागात एक महाशय सारखे अर्ज टाकायचे. कागद हातात पडले की थेट बिल्डरकडे. पाकीट मिळालं की अपील बंद! झेरॉक्स काढून आमचा शिपाई मेटाकुटीला आला. सरसकट अर्जांवरून सर्वोच्च न्यायालयानेही २०११मध्ये कान टोचलेत.

कडूनिंब : बांधकाम नियमात असतं तर बिल्डरने पाकीट कशाला दिलं असतं, तात्या?

नगरपालिकेतले तात्या : आला मोठा शहाणा. महिनाभर त्या टेबलावर बसून दाखव.

मावळी मिरची : तळेगावच्या सतीश शेट्टींनी माहिती अधिकार वापरून जमिनीचे घोटाळे बाहेर काढले, जानेवारी २०१०मध्ये त्यांचा खून झाला. आणि रडगाणं कुणाचं, तर झेरॉक्सचं! माझ्या वडिलांनी रस्त्याच्या बिलाची प्रत मागितली, तर साहेबांनी आधी विचारलं, 'कुणी पाठवलंय?' बिल आजतागायत दिसलं नाही.

नगरपालिकेतले तात्या : शेट्टींना आणि त्या पाकीटवाल्याला एका रांगेत बसवू नका.

मावळी मिरची : बसवत नाहीच. पण अर्ज हातात आला तेव्हा यातला कोण कुठला, हे तुम्ही कशावरून ठरवणार होतात?

नगरपालिकेतले तात्या : अर्जावरून नाही कळत, मान्य. चौथ्या अपिलाला कळतं.

ए-विंग अ‍ॅडमिन : बिल्डर, झेरॉक्स झालं असेल तर माझ्याकडे बघा. टाकतो तो प्रश्न परत, व्हा खूश. पोस्टर मात्र कुणाचंच ठेवणार नाही.

बी-विंग तिसरा मजला : कुणाचंच? मग नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अजून पिन केलेला का आहे?