दंतवैद्यकीसाठी कर्ज: व्याजही मोजा
दंतवैद्यकीचं शिक्षण कर्ज काढून परवडेल का, हे बघताना नुसती एकूण फी आणि पहिला पगार यांचीच तुलना केली, तर शिकतानाचं व्याज त्यात धरलंच जात नाही. समजा 5 वर्षं, दर वर्षाच्या सुरुवातीला 20 रुपये असं एकूण 100 रुपये कर्ज उचललं (आकडे फक्त हिशेबापुरते), व्याज वर्षाला 10 टक्के. शिक्षण संपेपर्यंत चक्रवाढीने ते सुमारे 134 होतं आणि पुढच्या 10 वर्षांत मासिक हप्त्यांनी जवळपास 213 फेडावे लागतात. शिकतानाचं व्याज दरवर्षी भरत गेलात तर ते धरून एकूण 189. त्यामुळे थोडं का होईना, व्याज आधीपासून भराच. हँडपीस (दात कोरायचं हातातलं यंत्र), लूप्स (बारीक काम मोठं दिसावं म्हणून लावायचा भिंगांचा चष्मा), परीक्षा शुल्क वेगळं धरा. स्वतःचा दवाखाना काढायचा असेल तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र) यांचं दुसरं कर्ज येतं. खरी ओढाताण तिथे होते, कारण पेशंट जमेपर्यंत दोन्ही हप्ते चालूच राहतात.