मदत हवी आहे: वरिष्ठांच्या धाकामुळे गटातील नव्या कल्पना मीटिंगपर्यंत पोहोचत नाहीत

नमस्कार. मी पुण्यातील एका खाजगी कंपनीच्या पॅकेजिंग डिझाइन विभागात टीम लीड आहे. आमचे विभागप्रमुख कामात निःसंशय हुशार आहेत. मात्र साप्ताहिक रिव्ह्यूमध्ये ज्याचे डिझाइन त्यांना पटत नाही, त्याची सर्वांसमोर लायकी काढली जाते आणि जुन्या चुका उगाळल्या जातात. परिणामी माझे कनिष्ठ सहकारी पूर्वी मंजूर झालेल्या डिझाइनचेच रंग बदलून पुढे ठेवतात. काही वेगळे सुचलेच, तर ते मला चहाच्या वेळी दाखवतात आणि ‘साहेबांसमोर काढू नका’ असे वर बजावतात.

या विषयावर थोडे वाचन केले. व्यवस्थापन-संशोधक बेनेट टेपर यांनी २००० साली केलेल्या ‘अब्युझिव्ह सुपरव्हिजन’च्या (वरिष्ठांच्या अपमानास्पद वागणुकीच्या) व्याख्येत शारीरिक संपर्क वगळून, वरिष्ठांकडून सातत्याने होणारे शाब्दिक व अशाब्दिक वैरभावी वर्तन येते. म्हणजे एखाद्या दिवशीचे रागावणे त्यात बसत नाही. लियू, लियाओ आणि लोई यांच्या २०१२ च्या अभ्यासाने मी अधिक अस्वस्थ झालो. विभागप्रमुखांची अशी वागणूक टीम लीडमार्फत खाली झिरपते आणि गटातील सदस्यांची सर्जनशीलता घटवते, असे त्यात दिसले. शिवाय वरिष्ठ आपले काम सुधारावे म्हणून बोलतात की दुखावण्यासाठी, याविषयी हाताखालच्यांचा समज काय आहे, यावरही परिणामाची तीव्रता अवलंबून असते. आमच्याकडे ‘साहेब भल्यासाठीच बोलतात’ असे मानणारेही आहेत, त्यामुळे एकमुखी तक्रार होणे कठीण आहे.

कंपनीतील अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानुसार केवळ लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे आणि एचआर आमच्या विभागप्रमुखांना दुखावणार नाही, हे उघड आहे.

माझा मुख्य प्रश्न असा आहे. कनिष्ठांच्या कल्पना मी माझ्या नावाने मांडल्या तर बोलणी मी खाईन, परंतु कल्पना मंजूर झाल्यास अप्रेझलमध्ये श्रेयही मलाच मिळेल आणि ते अन्यायाचे होईल. नावे न लिहिता सर्व डिझाइने एकत्र मांडून, निर्णय झाल्यावर नावे जाहीर करण्याची पद्धत कोणी राबवली आहे का? ती विभागप्रमुखांच्या गळी कशी उतरवली? तसेच विभागप्रमुखांशी एकांतात बोलायचे झाल्यास, त्यांच्या स्वभावाला हात न घालता केवळ नाकारल्या जाणाऱ्या कामाविषयी बोलावे काय? ‘नोकरी बदला’ हा सल्ला मला मिळालेला आहे. गटाला तसेच सोडून जाण्याची माझी तूर्तास तयारी नाही.