म्हशीची भीती आणि फ्रॉइड

प्रश्न: भाचा ५ वर्षाचा, कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस दिसली की माझी पॅन्ट धरून मागं लपतोय. मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडची छोट्या हान्सची, म्हणजे घोड्याला भिणाऱ्या पाच वर्षाच्या पोराची केस (१९०९) वाचली, घोड्याची भीती म्हणजे आतून बापाची भीती म्हणे. पटतंय का कुणाला?

उत्तर: भावा, त्या हान्सनं गाडीचा घोडा पडताना बघितलेला की! वोल्पे आणि रॅकमन या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांनी १९६० ला तेच धरलं, भीती शिकलेली आहे, बापाला कशाला मध्ये ओढताय. फ्रॉइडचं या केसमधलं बहुतेक काम तर हान्सच्या बापाच्या नोंदींवरच चाललेलं.

उत्तर: भीतीपुरतं ठीक, पण स्किझोफ्रेनियाला (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) फ्रॉइड आणि शिकलेली भीती हे दोन्ही अपुरं पडतं, तिथं अनुवंश आणि मेंदू बघावाच लागतोय.

प्रश्नकर्ता: आईला विचारलं, दिवाळी पाडव्याला म्हशी पळवताना एक त्याच्या अंगावर आलेली. दाजी सुटले.