रग्बीचे सात सामने, सातही एकाच पद्धतीने गमावले: दोष कोचचा की खेळाडूंचा?

गोलरेषेवरून: मध्यंतरापर्यंत बरोबरीत किंवा पुढे, आणि साठाव्या मिनिटानंतर घसरगुंडी. सातही सामन्यांत हेच. प्रतिस्पर्ध्याच्या २२ मध्ये (गोलरेषेपासून २२ मीटरच्या पट्ट्यात) पेनल्टी मिळते, आपण कोपऱ्यात किक मारतो आणि लाइनआउट (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये टाकून खेळ सुरू करणं) हरवून परत येतो. स्वतःच्या २२ मधून सुटायचं तर फ्लायहाफ (चाल ठरवणारा दहा नंबर) सरळ मधोमध किक मारतो आणि मागे कोणी धावतच नाही. पत्रकार परिषदेत कोचचं ठरलेलं उत्तर: "अंमलबजावणीत कमी पडलो." हूकर (लाइनआउटला चेंडू टाकणारा) दोनदा बदलून झाला, फ्लायहाफ एकदा. चूक प्रशिक्षणाची की मैदानावरची, हे ओळखायचं कसं? आणि हंगामाच्या मध्यावर कोचला घालवून काही फरक पडतो का?

दुसरी_रांग: माणूस बदलूनही चूक तीच राहत असेल तर ती माणसाची नाही. हूकर दोनदा बदलला म्हणता, म्हणजे निम्मं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे.

तरी खात्री करून घ्या. तीन सामन्यांचं रेकॉर्डिंग लावा आणि प्रत्येक लाइनआउटला चार गोष्टी टिपा: मिनिट, रांगेत किती जण, चेंडू कुठे टाकला (पुढे, मध्ये, शेवटी) आणि हरला असेल तर कसा. चेंडू वाकडा गेला किंवा उडणाऱ्याच्या डोक्यावरून गेला, तर टाकणारा आणि उडणाऱ्याला उचलणारे यांचा ताळमेळ नाही. समोरच्याचा माणूस आधीच हवेत असेल, तर आपला कॉल (चेंडू कुठे टाकायचा ती खूण) वाचला गेलाय. दहापैकी आठ वेळा मधल्या लॉककडेच (हवेत उडून चेंडू पकडणारा उंच खेळाडू) टाकत असाल तर तो शाळकरी संघसुद्धा वाचेल.

मिनिटाचा रकाना गाळू नका. पन्नाशीच्या आसपास पहिली रांग (हूकर आणि दोन प्रॉप) अख्खी बदलता का? हूकर चेंडू टाकतो आणि बहुतेक वेळा प्रॉप उचलणाऱ्यांत असतात. तिघं एकदम बाहेर गेले की टाकणाराही नवा, उचलणारेही नवे, आणि हवेत जाणारा लॉक मात्र जुन्याच वेळेने उडी मारतो. अर्ध्या सेकंदाचा फरकही पुरतो.

उंच_किक: लाइनआउटवर सगळे बोलतात, मला किकचं दुखणं मोठं वाटतं. स्वतःच्या २२ मधून सुटताना आधी एक-दोन धडका मारून रक (जमिनीवरच्या चेंडूभोवतीची झुंज) हव्या त्या जागी न्यायचा, मग स्क्रमहाफने (रकमधून चेंडू काढणारा) बॉक्स किक, म्हणजे रकमागून उंच किक, मारायची. चेंडू साधारण चार सेकंद हवेत राहिला आणि पंचवीस-तीस मीटरवर पडला, तर विंगर (कडेचा वेगवान खेळाडू) त्याच्याबरोबरच पोचतो. मधोमध मारलेली लांब, सपाट किक दिसायला छान, पण पाठलागाची रांग पोचायच्या आत समोरच्या फुलबॅकला (सगळ्यात मागचा खेळाडू) धावायला मोकळं रान मिळतं.

५०:२२ तुमचा संघ मारतच नसेल तर आणखी नुकसान. स्वतःच्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा खाऊन प्रतिस्पर्ध्याच्या २२ मध्ये बाहेर गेली, तर लाइनआउटचा चेंडू आपल्याला मिळतो (फक्त चेंडू आपणच मागे स्वतःच्या अर्ध्यात नेलेला नसावा). ती भीती असली की समोरचे विंगर मागे थांबतात. नसली की तेही बचावाच्या रांगेत येऊन उभे राहतात आणि कडेची मोकळी जागा संपते. एकदा मारून बघायलाच पाहिजे, लागली नाही तरी.

शिट्टी_वाजली: कोचला घालवण्याबद्दल. वेल्स ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२५ मध्ये सलग १८ कसोटी (आंतरराष्ट्रीय सामने) हरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोममध्ये इटलीकडून २२-१५ ने हरल्यावर ऐन सिक्स नेशन्स स्पर्धेत त्यांचे कोच गॅटलंड पद सोडून गेले, हंगामी कोच आले, आणि उरलेले तिन्ही सामनेही हरले. विजय मिळाला तो जुलैत, कोबेमध्ये जपानविरुद्ध, ३१-२२. वरचा माणूस बदलून खालचा लाइनआउट बदलत नाही. बहुतेक संघांत तो फॉरवर्ड्सच्या (पुढच्या आठ खेळाडूंच्या) कोचकडे असतो, त्याला आधी विचारा.

दुसरी_रांग: सहमत. आणि उत्तम संघही यात सापडतात. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने राखीव खेळाडूंत सात फॉरवर्ड आणि एकच बॅक (मागच्या फळीतला खेळाडू) ठेवला होता. हूकर म्बोनाम्बी सुरुवातीलाच जखमी झाला आणि चेंडू टाकायला आला फोरी, जो त्या काळात बहुतेक वेळा फ्लँकर (कडेचा फॉरवर्ड) म्हणून खेळायचा. लाइनआउट लगेच डळमळला. सामना जिंकले १२-११ ने, पण बचाव आणि किकच्या जोरावर.

गोलरेषेवरून: तीन सामने पाहिले. तिन्हीत ५० ते ५४ मिनिटांत पहिली रांग एकदम बदलली आहे. हरलेल्या ९ लाइनआउटपैकी ७ त्यानंतरचे, आणि त्यातले ५ मधल्या लॉककडे टाकलेले. मग प्रॉप ५० ला आणि हूकर ६५ ला बदलला तर?

दुसरी_रांग: हूकर दमला नसेल तर तसंच करा. शिवाय नवे प्रॉप आल्यावर पहिले दोन लाइनआउट पुढच्याच माणसाकडे टाका. तिथून मॉल (चेंडू हातात धरून घोळक्याने रेटणं) ढकलायला जागा कमी मिळते, कडेची रेषा जवळ असते. पण चेंडू तरी आपला राहील.