'आज काय शिकलो' वही: नोंदी साचेबद्ध का होतात?

प्रश्न: रोज लिहायला लावलं की मुलं लवकरच तीच ती वाक्यं उतरवतात. गुण द्यावेत का?

उत्तर १: गुण नकोच. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसींच्या १९७१च्या प्रयोगात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्यांनी, पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे कमी लक्ष दिलं. आठवड्यातून दोनदा, तासाची शेवटची ५ मिनिटं पुरेत. विचारायचं ते नेमकं: 'कुठे अडलो? कशाने सुटलं?'

उत्तर २: पण वाचणारं कुणी नसेल तर तेही टिकत नाही. नोंद वाचून शिक्षकाने वहीत एकच ओळ लिहावी, प्रश्नाच्या रूपात. 'छान' वाचलं की मूल तिथेच थांबतं. ४० वह्या असतील तर दर खेपेला १० घ्या.

उत्तर ३: शिक्षकानेही नवं शिकताना स्वतःला अडलेलं फळ्यावर लिहावं, मग मुलं खरं लिहितात. महिन्याने जुनी नोंद उघडून तिच्याखाली उत्तर लिहायला लावा.