ठिपके पुसू नका

पोरं रोजची गोळी घ्यायला कंटाळली की काय करावं, यावर ‘गोळी घेतली की चॉकलेट’ असं सुचवलं जातं. चार दिवसांच्या तापाला ठीक आहे. पण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरची हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी वर्षानुवर्षं रोज घ्यायची असते आणि तिचा गुण दिसायलाच काही महिने जातात. पोराला फरक कळणार कसा?

गडचिरोलीकडे माझ्या भाचीसाठी भिंतीवर कॅलेंडर लावलं. गोळी झाली की तिनंच तारखेवर कुंकवाचं बोट टेकवायचं, सात ठिपके झाले की माझ्यासोबत आठवडी बाजार. (भाताच्या रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, जाते, म्हणून गोळी रात्रीच्या जेवणानंतर.) शाळेतून पाण्याची बाटली रिकामी आणली तर वेगळा ठिपका, कारण अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं. एकदा गोळी चुकली म्हणून मी शहाणपणानं आधीचे ठिपके पुसले. पुढचा आठवडाभर गोळ्या गादीखाली निघाल्या, आणि भिंतीवर ठिपके मात्र रोजचे!